उरलेले सात कप

उल्जिरोच्या तिसऱ्या गल्लीत, जिन्याखाली माझं कॉफीचं दुकान.
एका अंगाला बँकेचा बत्तीस मजली मनोरा,
दुसऱ्या अंगाला लेथ, छापखाने, दिव्यांची दुकानं,
आणि त्यांच्या डोक्यावर, भाडं परवडतं म्हणून आलेली
चित्रं काढणारी पोरं.
ट्रे एकच.
बँकेत लिफ्टने, छापखान्यात पायऱ्यांनी,
पोरांकडे लोखंडी शिडीने.
उधारी तिन्हीकडे असते. बँकेची सगळ्यात जुनी.

प्यो गीदोंग लेथवाला
चव्वेचाळीस वर्षं धातू सोलतोय.
गिऱ्हाइकाला एकच विचारतो:
"हे कशात बसतं?"
पंपात, शिलाई मशीनमध्ये, लिफ्टच्या दारात,
तुकडा कशात ना कशात बसायलाच हवा.
नाही बसला तर तो कीस.
कीस शनिवारी किलोवर जातो.

वरची ओकबिन एकदा कागद घेऊन खाली उतरली.
पितळेचा गोळा, मुठीएवढा, नुसता.
"हे कशात बसतं?"
"कशातच नाही."
"मग करतं काय?"
"काही नाही. असतं."
प्योने मशीन बंद केलं.
जेवायलासुद्धा तो मशीन बंद करत नसे.
मी ट्रे धरून तशीच उभी, कॉफीवर साय धरली.

"जे चालत नाही त्याचा दर मला ठाऊक नाही."
तिच्याकडे पैसे नव्हतेच.
तेव्हा ठरलं: तीस कप कॉफी, प्योला,
ओकबिनच्या नावावर, माझ्या वहीत.
म्हणजे शेवटी माझ्याच डोक्यावर.

दहाव्या दिवशी त्याने फडकं सोडून दाखवला.
त्यात अख्खी गल्ली वाकून उभी होती,
मनोराही. त्याला वाकलेला मी प्रथमच पाहिला.
मग प्योने इकडे तिकडे बघितलं, चोरासारखं,
गोळा दोन्ही हातांत धरला
आणि उलट्या बाजूला फिरवला.
उघडला!
आत आटे, केसासारखे बारीक, चांगले बावीस.
"तिने सांगितले नव्हते," म्हणाला,
"पण कुठेच लागत नाही असं काही
हाताने होईना.
सांगू नकोस तिला."

मग गल्लीला निळे पत्रे लागले.
पत्र्यांवर उद्याच्या इमारतीचं चित्र,
चित्रात झाडं, झाडाखाली हसणारी माणसं,
ट्रे घेतलेलं कुणी नाही.
लेथ किलोवर गेलं.
वहीत प्योचे तेवीस कप झाले होते.
"राहू दे," म्हणाला, आणि हात पुसत राहिला
स्वच्छ फडक्याला.

प्रदर्शन बँकेच्याच तळमजल्यावर भरलं.
पांढऱ्या चौथऱ्यावर गोळा,
खाली पाटी: "निरुपयोगी, क्रमांक चार."
किमतीला मी कपांनी भागायला घेतलं,
अकरा हजारांच्या पुढे सोडून दिलं.

प्यो लग्न-मयताचा कोट घालून आला.
एक फेरी मारली, गुडघ्यात वाकून खालून बघितलं.
हात लावू नये, असं लिहिलेलं होतं.
त्याने तर्जनी टेकवली
आणि गोळा अगदी नखभर फिरवला.
"सैल पडला होता."
पहारेकरी धावला. ओकबिन नाही धावली.
ती त्या बोटाकडे बघत राहिली.

आत पेय न्यायला बंदी,
म्हणून आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो.
थर्मासचं झाकण मी उघडलं, चोविसावा ओतला.
काचेपलीकडे लोक वाइन पीत होते,
त्यांना बंदी नसावी.
ओकबिन त्यांच्यामध्ये एकटी उभी,
दोन्ही मुठी हवेत धरून
काहीतरी फिरवून बघत होती,
उजवीकडे, परत उजवीकडे.

"डाव्या आट्याचं आहे गं," प्यो काचेला म्हणाला.
तिला ऐकू गेलं नाही.
त्याने कप पुढे केला.